सगुणाबाई लोणारला निघाली

मंठ्याच्या उत्तरेला पिंपळखेडा नावाचं गाव होतं. त्या गावात कुणाच्या घरी उडदाचे पापड करायचे ठरले, की पहिलं बोलावणं सगुणाबाईला जायचं. पीठ तिनंच मळायचं, मुसळाखाली तिनंच कुटायचं आणि खार किती घालायचा ते तिनंच ठरवायचं. बाकीच्या बायकांनी लाटायचं तेवढं. साठी उलटली होती तरी बाई काठीसारखी ताठ होती. शेतावर जाताना तिच्या मागं चालणाऱ्याला पळावं लागायचं.

एवढी पायांची चपळ, पण ती कधी कुठं गेलीच नव्हती. माहेर दोन कोसांवर होतं, आणि आईबाप गेल्यावर तेही सुटलं होतं. मंठ्याचा बाजार, शेत आणि घर एवढाच तिचा मुलूख.

पापडाचा खार लोणारहून यायचा. माघ लागला की कचरू नावाचा फेरीवाला खांद्यावर झोळी टाकून गावात यायचा आणि सगुणाबाईच्या ओट्यावर टेकायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा ओट्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या. खार चाखता चाखता कचरूनं एक गोष्ट सोडून दिली.

"लोणारच्या तळ्याकाठी एक हीर हाय. तिला सासू-सुनेची हीर म्हणत्यात. हीर एकच, पन एका अंगाचं पाणी गोड अन् दुसऱ्या अंगाचं खारं."

"आन् खारं अंग कोनाचं?" एकीनं विचारलं.

शेजारची नंदाबाई तोंडाची फटकळ. "त्यात काय इचारायचं? सासूचंच असंल!"

ओटा हास्यानं दणाणला. सगुणाबाईनं मान वळवून घरात पाहिलं. आत चुलीपाशी तिची सून सोनूबाई पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती.

सोनूबाई या घरात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. सासू-सुनेचं भांडण म्हणावं असं कधी झालं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. पाणी भरलं का, म्हैस सोडली का, जवारी दळली का, एवढंच दोघींत बोललं जायचं. सुनेला हसताना सगुणाबाईनं बहुतेक त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं.

"मी बघून येते," सगुणाबाई म्हणाली.

"काय बघून येतेस, माय?" तिचा मुलगा रामराव बैलांना चारा टाकून नुकताच अंगणात आला होता.

"लोणारची हीर. जल्मभर त्या तळ्याचा खार कालवून राह्यले. ते तळं कसंय ते तर बघू दे."

रामरावला वाटलं, आई चेष्टा करतेय. रात्री जेवताना तिनं पुन्हा तेच काढलं, तेव्हा तो जरा घाबरला. लोणार म्हणजे आठ-नऊ कोस. तेही इंग्रजाच्या मुलखात, वऱ्हाडात. पिंपळखेडा निजामाच्या राज्यातलं.

"बैलं रिकामी न्हाईत. करडईची काढणी झाल्यावर बघू," तो म्हणाला.

"बैलं कशाला पाहिजेत? मला पाय हायेत."

"एकटी जातीस व्हय?"

"एकटी कशाला? सोनू येईल. लई हसू आल्तं ना तिला? मंग चल म्हनावं बघायला, कोन खारं अन् कोन गोड."

सोनूबाईची भाकरी तव्यावरच राहिली. सासूपुढं बोलायची तिला सवयच नव्हती. पण त्या क्षणापासून निघायच्या दिवसापर्यंत तिचं मन दुसऱ्या कशात लागलं नाही. लोणार! नुसतं नाव ऐकलेलं गाव. पाणी भरताना, गोवऱ्या थापताना, ती ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची. आपल्या पोरीला जावेकडं ठेवायचं ठरलं. दुधात पीठ भिजवून तिनं दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली, एका फडक्यात सगळं बांधलं, आणि सासू झोपल्यावर गाठोडं पुन्हा सोडून, पुन्हा बांधून पाहिलं.

शुक्राची चांदणी वर आली तशा दोघी निघाल्या. रामराव शिवेपर्यंत पोचवायला आला.

"जल्दी या," तो म्हणाला.

शीव ओलांडली आणि सगुणाबाईनं पदर कमरेला खोचला. मग जी सुटली ती सुटलीच. सोनूबाई गाठोडं सावरत मागं धावत होती. दोन्ही अंगाला जवारी उभी होती, कणसं दाण्यानं वाकलेली. फटफटलं तसा हरभऱ्याचा आंबूस वास वर आला. कुणाच्या तरी शेतातल्या माळ्यावरून राखणदारानं पाखरांना आरोळी दिली आणि थव्याच्या थवा त्यांच्या डोक्यावरून भुर्रकन गेला.

"आत्याबाई, जरा हळू!"

"हळू चालायला काय मढ्यामागं चाललोत?"

सोनूबाईला हसू फुटलं. आज तोंडात पदर कोंबायची गरज नव्हती. इथं ऐकायला होतंच कोण?

पहिल्या गावापाशी एक म्हातारा शेतकरी बांधावर बसला होता. दोन बायका एवढ्या सकाळी एवढ्या वेगानं येताना पाहून तो उठूनच उभा राहिला.

"कुनीकडं, बाई?"

"लोणारला."

त्यानं चेहरा पाडला. "कोन गेलं?"

"कोनी न्हाई गेलं."

"मंग बाळंतपन हाय का कोनाचं?"

"न्हाई बापा. आम्ही बघायला चाललोत."

"काय बघायला?"

"तळं!"

म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोघी वळणापर्यंत गंभीर राहिल्या आणि वळण घेतल्यावर सगुणाबाई हसायला लागली. खालचे दोन दात पडलेलं तिचं तोंड पार उघडलं. हसता हसता तिला ठसका लागला, सोनूबाईनं पाठीवर थाप मारली, आणि थाप मारल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण सासूच्या पाठीत मारली. सगुणाबाईला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

तेच पुढं तीनदा झालं. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईनं विचारलं, "कोन गेलं?" गाडीवानानं विचारलं, "माहेरी काही दुखनंखुपनं?" तळणीत एका दुकानदारानं तर न विचारताच "देवाची मर्जी" म्हणून सुस्कारा सोडला. बायका घाईनं चालल्या म्हणजे जन्म तरी असायचा नाहीतर मरण, तिसरं काही कुणाला सुचतच नव्हतं. शेवटी सोनूबाईच पुढं होऊन सांगायला लागली. एरवी परक्या माणसापुढं तिचा आवाज निघत नसे. आता ती ठणकावून म्हणायची, "समदे बराबर हायेत. आम्ही हिंडायला निघालोत!"

पूर्णा नदीला उताराशी पाणी गुडघ्याएवढं होतं, पण ओढ चांगली होती आणि खालच्या अंगाला डोह होता. वहाणा हातात घेऊन दोघी उतरल्या. मधोमध सगुणाबाईचा पाय शेवाळ्यावरून सरकला. सोनूबाईनं एका हातानं तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातातलं गाठोडं निसटलं आणि पाण्यावर डुलत निघालं.

"गाठोडं धर, गाठोडं!" सगुणाबाई ओरडली.

"तुम्हाला धरू का गाठोड्याला?"

"मी कुठं जाते? दशम्या चालल्या!"

सोनूबाईनं सासूला एका खडकाशी उभं केलं आणि लुगडं भिजायची पर्वा न करता पाण्यात झेप घेतली. लहानपणी ती माहेरच्या ओढ्यात पोहायची. सासरी आल्यापासून ती पोहली नव्हती, आपल्याला पोहता येतं हेही ती विसरली होती. हातांना मात्र आठवत होतं. दहा-वीस हातांवर तिनं गाठोडं गाठलं आणि डोक्यावर धरून ती काठाला आली. नखशिखांत भिजलेली, धापा टाकत, आणि चेहरा असा फुललेला की सगुणाबाई बघतच राहिली.

"तुला पव्हता येतं?"

"येतं."

"मंग इतकी वर्सं सांगितलं न्हाईस ते?"

"कोनी इचारलंच न्हाई."

सगुणाबाईनं स्वतःच्या पदरानं सुनेचं डोकं पुसलं, जरा जोरानंच, जसं वासराला पुसतात तसं.

ओल्या दशम्या तिथंच वाळूवर बसून खाल्ल्या. चटणी फडक्याच्या आतल्या घडीत होती म्हणून वाचली. पलीकडच्या टेकाडावर पळस फुलले होते. पानं गळालेली आणि फांद्यांवर नुसता केशरी जाळ. ऊन अंगावर घेत सोनूबाई लुगडं वाळवत होती. तिला वाटलं, इथंच बसून राहिलं तरी चालेल, आणि दुसऱ्याच घटकेला वाटलं, कधी उठतोय आणि कधी पुढं जातोय.

पुढं करोडगिरीचा नाका लागला. राज्यातून बाहेर जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला सरकारनं तिथं एक छप्पर टाकून जवान बसवला होता. मोठी मिशी असलेला तो जवान बाजेवर आडवा होता. दोघींना पाहून उठला.

"कां जाना है, अम्मा? गठरी में क्या है?"

"भाकर," सगुणाबाई म्हणाली.

"सोना, चांदी, कपडा?"

"सोनू हाय," तिनं सुनेकडं बोट केलं. "मोफत नेऊन राह्यले."

जवानाला अर्धवट मराठी येत होतं. विनोद कळायला त्याला जरा वेळ लागला, पण कळल्यावर तो खदखदून हसला. त्यानं माठातलं गार पाणी दिलं. कोण गेलं म्हणून त्यानंही विचारलं. खरं कारण ऐकल्यावर म्हणाला, "मैं इतने साल से इधर बैठा, नहीं देखा. तुम देखके आओ, मेरे को बोलो." मग त्यानं समोरच्या बाभळींच्या रांगेकडं हात केला. त्याच्या पल्याड इंग्रजाचा मुलूख.

सगुणाबाई बाभळींपाशी जाऊन थांबली. एक पाय अलीकडं ठेवला, एक पलीकडं. खाली वाकून तिनं दोन्हीकडची माती चिमटीत घेतली.

"काय झालं, आत्याबाई?"

"काळीच हाय की इकडं बी. मला वाटलं, राज बदललं म्हंजी काहीतरी निराळं असंल." ती जराशी हिरमुसली होती. मग म्हणाली, "तू बी ठेव पाय. दोन राज्यात एकाच येळेला उभी राह्यलेली बाई हाय का आपल्या गावात?"

दोघी तशाच फाकलेल्या पायांनी उभ्या राहिल्या. नाक्यावरून जवान टाळ्या वाजवत होता.

दुपारनंतर मात्र वाट चढाची आणि दगडाची झाली. ऊन तापलं. सगुणाबाईचा वेग उतरला. आधी ती सुनेच्या बरोबरीनं चालायला लागली, मग मागं पडली. एका लिंबाखाली ती टेकली तेव्हा सोनूबाईनं पाहिलं, सासूचे दोन्ही घोटे सुजले होते.

"तू जा फुडं," सगुणाबाई म्हणाली. "बघून ये अन् मला सांग. मी हितंच बसते."

"न्हाई."

सोनूबाईनं आयुष्यात सासूला पहिल्यांदा 'नाही' म्हटलं होतं. दोघींनाही ते कळलं.

"मी सांगितल्यावर तुम्हाला पटंल का? परवा कचरूनं सांगितलं ते कुठं पटलं? बसा घटकाभर. मंग दोघी जाऊ, न्हाईतर दोघी माघारी फिरू."

तिनं सासूचे पाय मांडीवर घेतले आणि खालून वर चोळायला लागली. घोट्याला फडकं आवळून बांधलं. सगुणाबाईनं डोळे मिटले. डोळे न उघडताच ती म्हणाली, "तुझ्या हाताला जोर हाय. पापडाचं पीठ या साली तू कूट."

तेवढ्यात डोक्यावर काटक्यांचा भारा घेतलेली एक बाई त्या वाटेनं आली. लोणारचीच होती, पुष्पाबाई तिचं नाव. तिनंही भारा न उतरवताच विचारलं, "कोनाकडं मयत झाली?" आणि या दोघी का हसतायत ते तिला कळेना. सोनूबाईनं सगळं सांगितलं. पुष्पाबाईनं भारा धाडकन खाली टाकला.

"नुसतं बघायला? निजामाच्या राज्यातून? पायी?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अन् आम्ही काठावर राहून महिना-महिना तिकडं फिरकत न्हाई! उठा मावशी. गावातून नेत न्हाई तुम्हाला, जवळच्या वाटेनं नेते."

तिनं सगुणाबाईला एका बाजूनं धरलं, सोनूबाईनं दुसऱ्या बाजूनं. माळ सपाट होता. खुरटं गवत, इथं-तिथं काळे दगड. तळ्याचं कुठं नाव नव्हतं. सगुणाबाईला शंका यायला लागली. एवढं मोठं तळं असतं तर झाडी दिसली असती, पाखरं दिसली असती.

"कुठंय गं तळं?"

"आणखी धा पावलं चला," पुष्पाबाई म्हणाली.

आणि जमीन संपली.

पायाखालीच संपली. समोर एवढा मोठा खड्डा होता की पलीकडचा काठ निळसर दिसत होता. कुणी तरी राक्षसानं पृथ्वीत मूठ मारावी आणि ती उचलून घ्यावी, तसा गोल. कडेनं दाट रान उतरत गेलेलं, आणि पार तळाशी, हिरवं, स्तब्ध, उन्हात चमकणारं पाणी. त्यांच्या पायांच्या खाली घारी उडत होत्या. घारीची पाठ सोनूबाईनं आजवर कधी पाहिली नव्हती.

सगुणाबाईनं सुनेचं मनगट इतकं घट्ट धरलं की काकणं रुतली. मग एकदम तिनं त्या खोल पोकळीत हाळी दिली, माळ्यावरून देतात तशी, पोटातून. रानातून मोरांनी उत्तर दिलं. एक, मग दुसरा, मग चहूकडून.

"माय गं!" ती म्हणाली. "ह्यातला खार मी पापडात घातला?"

उतरताना घोट्याचं दुखणं ती विसरून गेली. वाटेत वानरं होती, सीताफळीची झाडी होती, पडकी देवळं होती. खाली आल्यावर उग्र वास नाकात शिरला, तोच, खाराची पुडी सोडल्यावर येतो तो, पण हजारपट. काठावर पांढरी खपली धरलेली. सगुणाबाईनं नखानं ती खरवडून जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक केले.

"कचरू माती मिसळतो," ती म्हणाली.

देवीच्या देवळापुढं पुष्पाबाई थांबली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी बी कशी! मागच्या साली पाऊस लई झाला. तळं चढलंय. हीर पाण्याखाली गेली."

सोनूबाईनं भीतभीत सासूकडं पाहिलं. सगुणाबाई पाण्याकडं बघत होती. काठापासून थोड्या अंतरावर हिरव्या पाण्यातून एका दगडाची कड अंधूक दिसत होती.

"तीच का?"

"तीच."

सगुणाबाईनं वहाणा काढल्या, पुन्हा पदर खोचला आणि सरळ पाण्यात शिरली. सोनूबाई मागं धावली. चिखल मऊ होता, पाणी कोमट आणि बुळबुळीत. गुडघाभर पाण्यात सगुणाबाईच्या पायाला दगड लागला. ती त्यावर चढली, सुनेला हात दिला, आणि तिलाही वर घेतलं. दोघी बुडालेल्या विहिरीच्या कडेवर उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी रान, वर आभाळाचा गोल तुकडा.

काठावरून पुष्पाबाई ओरडून सांगत होती, "आमच्यात सासवा म्हनत्यात गोड अंग आमचं, अन् सुना म्हनत्यात आमचं! खरं कोनालाच ठावं न्हाई!"

सगुणाबाईनं ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. सोनूबाईनंही घेतलं, तिनंही थुंकलं. दोघींची तोंडं सारखीच वाकडी झाली होती. एकमेकींकडं बघून त्यांना हसू आवरेना. हसताना दगडावरून घसरायची वेळ आली, म्हणून त्यांनी एकमेकींना धरलं.

मुक्काम पुष्पाबाईकडं झाला. तिनं उडदाचं घुटं केलं होतं. त्याआधी गावाबाहेरच्या धारेवर दोघींनी खाऱ्या पाण्याचं अंग धुऊन घेतलं. कड्यातून सतत पडणारी ती धार गोड होती आणि सोनूबाई तिच्याखालून निघायलाच तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच गावचा एक गाडीवान तळणीच्या बाजाराला निघाला होता. त्यानं सगुणाबाईच्या पायाकडं पाहून दोघींना गाडीत घेतलं. नाक्यावर गाडी थांबवून सगुणाबाईनं त्या मिशीवाल्या जवानाला सगळं सांगितलं, हात पसरून, घारीसकट. तो बाजेच्या कडेला बसून लहान मुलासारखा ऐकत होता. तळणीपासून पुढची वाट दोघी रमतगमत चालल्या.

पिंपळखेड्यात महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं. ओट्यावर बायका जमायच्या आणि सांगायचं काम सोनूबाईचं. सगुणाबाई मध्येच म्हणायची, "तिला सांगू द्या, तिला बरं सांगता येतं."

पुढच्या साली काढणी झाल्यावर दोघी बदनापूरला आगगाडी बघायला गेल्या आणि नंदाबाई न बोलावता संगं आली. मग हे दरसालचंच झालं. सोनूबाईनं पोहायला शिकवलं, आधी आपल्या पोरीला आणि मग गावातल्या पोरींना. रझाकारांच्या धामधुमीत दोन वर्षं बाहेर पडता आलं नाही. ते दिवस सरले तेव्हा सगुणाबाई काठी घेऊन चालायला लागली होती. तरी तिनं जाफराबादचा बेत काढला. तिथं दोन नद्या मिळतात असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

त्या वेळी रामरावच म्हणाला, "माय, औंदा मी बी येतो. बैलं घरी राहू दे."

पहिला कोस संपायच्या आत तो मागं पडला. पुढून सगुणाबाई ओरडून विचारत होती, "सोनू, त्याला घेऊन येतीस का तिथंच ठेवतीस?" आणि सोनूबाई रस्त्यात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, नवऱ्याची वाट बघत मोठ्यानं हसत होती.